एकच बाळ, दोन वयं

सोनोग्राफीच्या रिपोर्टात कधी कधी असं दिसतं: डोक्याच्या मापावरून बाळ 32 आठवड्यांचं, पोटाच्या घेरावरून जेमतेम 29 आठवड्यांचं. अशा वेळी डॉक्टर वारेकडे, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोषण पोचवणाऱ्या अवयवाकडे (प्लासेंटा), संशयाने बघतात.

पोटातलं बाळ स्वतः ग्लुकोज जवळजवळ बनवत नाही. सगळी भिस्त आईच्या रक्तावर. बाळाच्या रक्तात साखर आईपेक्षा कमी असते, म्हणून ग्लुकोज उतारावरच्या पाण्यासारखं वारेतल्या वाहक प्रथिनांमधून पलीकडे जातं. त्यातलं बरंचसं वार स्वतःच खाते! वार लहान राहिली किंवा तिला रक्त नीट पोचलं नाही, की बाळाच्या वाट्याला कमी येतं, आणि बहुधा ऑक्सिजनही तुटपुंजा पडतो. दोष वारेत असेल तर आईला साजूक तुपातला शिरा खाऊ घालून तो भरून निघत नाही.

मग बाळ काटकसर करतं. नाळेतून आलेलं रक्त एरवी बऱ्याच प्रमाणात यकृतातून जातं. टंचाईत त्यातलं जास्त रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे जातं. मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. डोकं वाढत राहतं, यकृत लहान राहतं, त्यातला साखरेचा साठाही तोकडा. पोटाचा घेर मागे पडतो तो मुख्यतः यामुळेच. अशा बाळांची साखर जन्मानंतरच्या पहिल्या तासांत झपकन उतरू शकते, म्हणून टाचेतून थेंब घेऊन ती पुन्हा पुन्हा तपासतात. मेंदूही पूर्ण सुटतो असं नाही, त्याला झळ कमी लागते इतकंच.

इन्सुलिनची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आईचं इन्सुलिन वारेतून पलीकडे जात नाही. बाळ स्वतःचं बनवतं, आणि गर्भात ते वाढ घडवणारं संप्रेरक (हार्मोन) असतं. साखर कमी, म्हणून इन्सुलिन कमी, म्हणून स्नायू कमी. मेंढ्यांची वार मुद्दाम लहान ठेवून केलेल्या प्रयोगांत गर्भाच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच कमी आढळल्या. मूत्रपिंडाची अडचण वेगळी: त्यातल्या गाळण्या साधारण 36 आठवड्यांपर्यंतच तयार होतात, नंतर नवी एकही नाही, म्हणून तोवर कमी पडल्या तर कमीच राहतात.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. कारण केवळ वारेचं नव्हतं, आयांचं पोषणही त्यात होतं. पण कात्री कुठे लागली ते ओळखीचं आहे: सर्वांत मोठी तूट पोटाच्या अवयवांत आणि स्नायूंत. त्वचेखालची चरबी मात्र बरीच टिकून होती.