टाइप १ मधुमेह आणि नियामक टी-पेशी : पार्श्वभूमी

१९६५ साली ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी, मधुमेह जडल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांपैकी १५ जणांच्या द्वीपकांत, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या पुंजक्यांत, लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, शिरलेले दिसले. १९७४ मध्ये द्वीपकांविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णांच्या रक्तात सापडली आणि टाइप १ मधुमेह हा स्वप्रतिकाराचा, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा, आजार आहे ही मांडणी पक्की झाली. हल्ला टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटांचा एक प्रकार, करतात हे हळूहळू कळत गेलं. पण बीटा पेशींवर उलटू शकतील अशा टी-पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. मग त्यांना आवरतं कोण?

याचा धागा मधुमेहाशी संबंध नसलेल्या एका प्रयोगात होता. १९६९ मध्ये जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांच्या माद्यांची, टी-पेशी जिथे घडतात ती थायमस ग्रंथी काढली, तर त्यांची बीजांडे नष्ट झाली. थायमस काढल्यावर प्रतिकार दुबळा व्हायला हवा. इथे तो शरीरावरच तुटून पडला होता. त्याच सुमारास येल विद्यापीठात रिचर्ड गेर्शन यांनी प्रतिकार दडपणाऱ्या टी-पेशींची कल्पना मांडली. त्यावर दशकभर भरपूर काम झालं. या पेशींची खूण म्हणून 'आय-जे' नावाचा रेणू धरला जाई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदराच्या डीएनएचा तो भाग प्रत्यक्ष तपासला, तेव्हा त्या जागी असं जनुकच निघालं नाही. सगळा विषय बदनाम झाला. कल्पना बरोबर होती, पेशी ओळखण्याची खूण चुकीची होती. आणि ही ओळखीची अडचण या क्षेत्राला पुढेही पुरून उरली.

मधुमेहाच्या अभ्यासकांनी मात्र हा धागा पूर्ण सोडला नाही, कारण त्यांच्यासमोर एनओडी नावाच्या वाणाचा उंदीर होता. १९८० मध्ये जपानमध्ये माकिनो आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या या वाणात बहुतेक माद्यांना आपोआप मधुमेह होतो. द्वीपकांभोवती लिम्फोसाइट चौथ्या-पाचव्या आठवड्यातच जमू लागतात, रक्तातली साखर मात्र साधारण बाराव्या आठवड्यानंतर चढते. मधले कित्येक आठवडे हल्लेखोर दाराशी असूनही बीटा पेशी तगून राहतात. या काळात सायक्लोफॉस्फामाइड हे पेशी मारणारं औषध टोचलं, तर जणू आवर सुटून मधुमेह झपाट्याने उमटतो. शिवाय रोगी उंदराच्या पेशी दुसऱ्या उंदराला दिल्या की त्यालाही मधुमेह होतो, पण मधुमेह न झालेल्या एनओडी उंदराच्या सीडी४ टी-पेशी (सीडी४ हा रेणू पृष्ठभागावर असलेल्या) सोबत दिल्या, तर तो टळतो, हेही १९८९ च्या सुमारास दिसलं. आवरणाऱ्या, म्हणजेच नियामक, पेशी आहेत एवढं नक्की होतं. त्या वेगळ्या काढता येत नव्हत्या.

१९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी ती खूण दिली : सीडी२५, म्हणजे टी-पेशींना वाढवणारा इंटरल्यूकिन-२ हा संदेशरेणू पकडणाऱ्या ग्राहीचा एक भाग. उंदराच्या सीडी४ पेशींपैकी ५ ते १० टक्के पेशींवर तो असतो. या पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तर त्यांच्या थायरॉइड, जठर आणि द्वीपकांवर हल्ला झाला. वगळलेल्या पेशी वेळेत परत दिल्या, तर तो टळला. २००० मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. टी-पेशी चेतवणारा सीडी२८ रेणू एनओडी उंदरातून काढला, तर आजार मंदावेल अशी अपेक्षा होती. तो लवकर आणि जास्त तीव्र झाला, कारण सीडी२८ वाचून सीडी२५ असलेल्या नियामक पेशीच टिकत नाहीत.

२००१ मध्ये मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 'स्कर्फी' नावाच्या, जन्मतः स्वप्रतिकाराने आजारी उंदराच्या आजारामागचं फॉक्सपी३ जनुक शोधलं. त्याच जनुकातल्या दोषाने मुलग्यांना आयपेक्स हा स्वप्रतिकाराचा दुर्मिळ आजार होतो आणि त्यात अनेकदा तान्हेपणीच मधुमेह होतो. नियामक पेशी नसल्या की माणसाच्या बीटा पेशींचं काय होतं, याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. फॉक्सपी३ हाच या पेशींचा नियंता आहे, हे २००३ मध्ये सिद्ध झालं. साकागुची, ब्रंकोव आणि रॅम्सडेल या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

माणसात मात्र काम अडलं. चेतवलेली कुठलीही टी-पेशी सीडी२५ दाखवते, काही काळ फॉक्सपी३ सुद्धा. शिवाय फॉक्सपी३ चं प्रथिन पेशीच्या केंद्रकात असतं. ते रंगवायला पेशीपटलाला भोकं पाडावी लागतात आणि पेशी मरते. जिवंत पेशी निवडायची सोय २००६ मध्ये झाली : पृष्ठभागावर सीडी२५ भरपूर, सीडी१२७ हा दुसरा रेणू कमी. अशा मोजणीत रुग्णांच्या रक्तातली संख्या साधारण निरोगी माणसांइतकीच भरली. बिघाड दुसरीकडे होता. अनेक रुग्णांच्या नियामक पेशी इंटरल्यूकिन-२ ला कमी प्रतिसाद देतात, आणि हल्लेखोर पेशी त्यांना जुमानत नाहीत.

नियामक पेशी इंटरल्यूकिन-२ स्वतः बनवत नाहीत, शेजारच्या पेशींकडून घेतात. म्हणून ते औषध म्हणून देऊन पाहिलं. मात्रेचं गणित इथे नाजूक आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९ रुग्णांना रॅपामायसिन या प्रतिकार दडपणाऱ्या औषधाबरोबर इंटरल्यूकिन-२ दिलं. नियामक पेशी वाढल्या, पण नैसर्गिक मारक पेशी आणि इओसिनोफिल या इतर पांढऱ्या पेशीही वाढल्या आणि सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं याचं माप, काही काळ घसरलं. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये २४ रुग्णांना प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ मात्रा) किंवा इंटरल्यूकिन-२ रोज ०.३३, १ किंवा ३ दशलक्ष एकक असं पाच दिवस दिलं, तेव्हा नियामक पेशी मात्रेनुसार वाढल्या आणि तशी घसरण दिसली नाही.

दुसरा मार्ग पेशीच देण्याचा. रक्तातून त्या निवडायच्या, सीडी३ आणि सीडी२८ वरून चेतवणाऱ्या मण्यांसोबत इंटरल्यूकिन-२ घालून सुमारे १४ दिवस वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. निवडताना थोड्या जरी हल्लेखोर पेशी सोबत आल्या, तरी वाढवताना त्याही फोफावतात. पोलंडमधल्या ग्दान्स्कला मुलांवर आणि अमेरिकेत १४ प्रौढांवर हे सुरक्षितपणे झालं. अमेरिकेतल्या चाचणीत काहींच्या रक्तात वर्षभरानंतरही कमाल पातळीच्या २५ टक्क्यांपर्यंत दिलेल्या पेशी टिकल्या होत्या. मोठ्या, प्लासिबोसह झालेल्या चाचणीत मात्र मुलांमधली सी-पेप्टाइडची घसरण थांबली नाही. त्याचं एक संभाव्य कारण असं, की दिलेल्या कोट्यवधी पेशींपैकी द्वीपक ओळखणाऱ्या फारच थोड्या असतात.

म्हणून आता द्वीपकातली प्रथिनं ओळखणारा ग्राही जनुकतंत्राने बसवून पेशी घडवल्या जात आहेत. यात धोका आहे : दाहाच्या जागी नियामक पेशी फॉक्सपी३ गमावून हल्लेखोर बनू शकते, हे उंदरांत दिसलं आहे, आणि द्वीपक ओळखणारी पेशी उलटली तर ती थेट बीटा पेशींवरच जाईल. त्यामुळे काही गट ग्राहीसोबत फॉक्सपी३ कायम चालू राहील असा बदलही त्याच पेशीत करतात.