निवडणूक आणि चर्च (मिझोराम व नागालँड)

निवडणुकीच्या काळात चर्चने कोणत्याही पक्षाची वा उमेदवाराची बाजू घेऊ नये आणि मतांच्या खरेदी-विक्रीला आळा घालावा, या उद्देशाने ईशान्य भारतातील चर्चसंस्थांनी चालवलेली प्रथा. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्ही राज्यांत ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 87 ते 88 टक्के आहे. उमेदवार, मतदार, कार्यकर्ते आणि पाळक (चर्चचे धर्मगुरू) अनेकदा एकाच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चच्या सभासदांपैकी, असतात. त्यामुळे तटस्थता येथे बोलायला सोपी, पाळायला अवघड.

मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चच्या सिनॉडने (सर्वोच्च प्रतिनिधी सभेने) 2006 मध्ये मिझोराम पीपल्स फोरमची स्थापना केली आणि 2008 च्या विधानसभा निवडणुकीपासून त्याचा प्रभाव ठळकपणे दिसू लागला. फोरम निवडणुकीपूर्वी राजकीय पक्षांशी लेखी करार करतो. झेंडे-फलकांवर मर्यादा, घरोघरी प्रचाराला आवर, जेवणावळींना बंदी अशी त्यातली कलमे असतात. सर्वांत लक्षणीय म्हणजे सामाईक व्यासपीठ. एका मतदारसंघातले सगळे उमेदवार एकाच मंचावर येतात, ठरलेल्या वेळात आपले म्हणणे मांडतात आणि लोक शांतपणे ऐकतात. महाराष्ट्रातल्या सभा, रॅली आणि भोंग्यांना सरावलेल्या माणसाला हा प्रचार आहे की प्रवचन, असा प्रश्न पडावा.

पैशाचा धोका इथे मतदारसंघांच्या आकारातूनच येतो. राज्यात सुमारे साडेआठ लाख मतदार आणि 40 जागा. म्हणजे एका जागेमागे जेमतेम एकवीस हजार. 2018 मध्ये तुईवॉल मतदारसंघाचा निकाल अवघ्या तीन मतांनी लागला. इतक्या कमी फरकात एखाद्या कुटुंबाला घडवलेले ‘लक्ष्मीदर्शन’ही निकाल फिरवू शकते. फोरमला कायदेशीर अधिकार नाहीत. गावात, मंडळीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ही भीतीच त्याची ताकद. या धाकाने रस्त्यावरचा खर्च आटोक्यात येतो. बंद दाराआडचा व्यवहार मात्र त्याच्या नजरेत येणे कठीण.

नागालँडमध्ये 1937 मध्ये स्थापन झालेली नागालँड बॅप्टिस्ट चर्च कौन्सिल ही संस्था 2013 च्या निवडणुकीच्या आधीपासून ‘स्वच्छ निवडणूक’ मोहीम चालवते. मत विकू नका, दुसऱ्याच्या नावावर मत देऊ नका, दारू वाटू नका, असे तिचे सांगणे. (राज्यात 1989 पासून दारूबंदीचा कायदा आहे, तरी शेवटचे कलम लागतेच!) तिथली अडचण मिझोरामपेक्षा खोल आहे. काही गावांत ग्रामपरिषद किंवा कूळ एकत्र बसून उमेदवार ठरवते आणि घरातला कर्ता सर्वांच्या वतीने मत टाकतो. मत ही जिथे सामूहिक ठेव समजली जाते, तिथे ‘आपले मत आपल्या विवेकाने द्या’ हा उपदेश थेट नात्यागोत्यावर घाव घालतो. मोहिमेचा परिणाम तोकडा राहिला, त्याचे मोठे कारण हेच असावे.

तटस्थता उमेदवारांपुरती, की मुद्द्यांबाबतही, हा वाद सुटलेला नाही. मिझोराममध्ये चर्च दारूबंदीच्या बाजूने उघडपणे बोलते आणि 2018 मध्ये तो निवडणुकीचाच मुद्दा होता. त्याच वर्षी नागालँडच्या कौन्सिलने खुले पत्र लिहून, पैसा आणि विकासाच्या आमिषाला बळी पडून ख्रिस्ती तत्त्वे सोडू नका, असे राजकीय नेत्यांना बजावले. पत्राचा रोख भारतीय जनता पक्षाकडे असल्याचे मानले गेले. तरीही पक्षाने 60 पैकी 12 जागा जिंकल्या. पत्र लिहिणाऱ्यांना ही श्रद्धेची राखण वाटली असेल, पण तटस्थतेची रेघ ओलांडली गेली, हे नाकारता येत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123 नुसार लाच आणि धर्माच्या नावाने मते मागणे हे दोन्ही भ्रष्ट आचार ठरतात. दैवी कोपाचा धाक दाखवणेही त्याच कलमात गैर ठरवले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन मतांनी, मतदाराच्या धर्माचा आधार घेऊन केलेले आवाहनही निषिद्ध ठरवले. ज्या अपिलांवर हा निकाल आला, त्यांत मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघातील 1990 च्या निवडणुकीचे प्रकरण होते. आचारसंहितेनुसार प्रार्थनास्थळे प्रचारासाठी वापरता येत नाहीत. चर्चही त्याला अपवाद नाही.