खान्देशातील ख्रिस्ती घरे आणि बाळाचा बाप्तिस्मा

कॅथलिक कुटुंबात बाळ जन्मले की काही आठवड्यांतच त्याला चर्चमध्ये नेले जाते, धर्मपिता आणि धर्ममाता जवळ उभे राहतात आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने त्याच्या मस्तकावर तीन वेळा पाणी ओतले जाते. खान्देशातील अलायन्स परंपरेच्या, म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्ससारख्या प्रोटेस्टंट मिशनांतून उभ्या राहिलेल्या मंडळीत मात्र त्याच वयाच्या बाळाला पाण्याचा थेंबही लागत नाही. तेथे बाळाचे ‘समर्पण’ होते आणि बाप्तिस्मा ते मूल जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करील तेव्हासाठी राखून ठेवला जातो. एकाच धर्मातील या दोन रीतींमागे फार जुना वाद आहे.

नव्या करारात बाळाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख नाही; लुदिया आणि फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक यांच्या ‘घराण्यांचा’ बाप्तिस्मा झाला एवढेच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात आहे. इ.स. 200च्या सुमारास तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने लहान मुलांच्या बाप्तिस्म्याबाबत घाई करू नये असे लिहिले, म्हणजे त्या काळी ती रीत होती आणि तिला आक्षेपही होता. इ.स. 253च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे जमलेल्या बिशपांनी बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये असा निर्णय दिला. अर्भके दगावण्याचे प्रमाण मोठे असलेल्या काळात आईबापांना ही घाई किती जवळची वाटली असेल, हे वेगळे सांगायला नको. पुढे 1525मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी, बालपणी बाप्तिस्मा झालेला असूनही, प्रौढपणी तो पुन्हा घेतला आणि त्यासाठी छळ सोसला.

खान्देशात हा वाद आला तो मिशनऱ्यांबरोबर. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या पट्ट्यात काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे न्यूयॉर्कमधील प्रेस्बिटेरियन पाळक होते. स्वतः प्रौढपणी पाण्यात पूर्ण बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतल्यावर अर्भकांचा बाप्तिस्मा करणे त्यांच्या मनाला पटेना, आणि 1881मध्ये त्यांनी ती मंडळी सोडली. पश्चिम खान्देशात आलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे संस्थापक फ्रेड्रिक फ्रॅन्सन मूळचे स्वीडनचे. जेथे राज्याच्या चर्चमध्ये प्रत्येक बाळाचा बाप्तिस्मा होणे हा जणू नागरिकत्वाचाच भाग होता, त्या देशातून आलेल्यांना विश्वास ही ज्याची त्याने पत्करायची गोष्ट वाटणे स्वाभाविक होते.

येथील परिस्थितीनेही त्याला दुजोरा दिला, आणि माझ्या मते हेच कारण अधिक खोल आहे. पहिल्या पिढीत बाप्तिस्मा घेणारे प्रौढ होते. नदीत वा तलावात उतरून बाहेर आलेल्या माणसाला पुष्कळदा जातीने, भाऊबंदांनी वेगळे काढले. पाणी, पंगत, सोयरीक सारेच तुटले. ज्याने एवढी किंमत मोजली, त्याला ते पाऊल नकळत्या बाळाच्या वतीने उचलणे हलके वाटले असेल. बाळाचे काय करायचे हा प्रश्न खरा उभा राहिला तो दुसऱ्या पिढीत, ख्रिस्ती घरातच मुले जन्मू लागली तेव्हा.

त्याचे उत्तर समर्पणात सापडले. रविवारच्या उपासनेत आई बाळाला घेऊन पुढे येते, पाळक बायबलमधला, हन्नेने आपला मुलगा शमुवेल याला देवाच्या मंदिरात नेल्याचा भाग वाचतात, बाळाला दोन्ही हातांत घेऊन प्रार्थना करतात आणि आईबापांना विचारतात: या लेकराला देवाच्या वचनात वाढवाल का? मंडळीही उभी राहून साथ देण्याचे कबूल करते. नवस बाळाचा नसतो, तो आईबापांचा असतो. म्हणूनच काही आयांच्या डोळ्यांत तेथेच पाणी येते.

1970मध्ये नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दोन्ही रीती मान्य केल्या, कारण त्या एकीकरणात जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते आणि अर्भकांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्याही होत्या. तेथे बालपणी बाप्तिस्मा झालेल्याला मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी विश्वास स्वतः कबूल करावा लागतो. कॅथलिक सून अलायन्सच्या घरात आली की मात्र बाळंतपणाआधीच दोन्ही आज्या हा विषय काढतात. एकीला नातवंड पाण्याविना राहील याची धास्ती असते, तर दुसरीला ते पुढे स्वतःहून पाण्यात उतरण्याचा आनंद गमावील याची.