कीश्ले आणि दुधाची 'हमी': थोडी पार्श्वभूमी

इग्नाझ कीश्ले केम्प्टेनजवळच्या शेतकरी घरातले. १९६९ पासून संसदेत होते, मार्च १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीचे शेतीमंत्री झाले. पण आल्गॉयमध्ये, म्हणजे केम्प्टेनच्या आसपासच्या दक्षिण जर्मनीतल्या डोंगराळ दूधपट्ट्यात, त्यांचं नाव निघालं की बोलणं हटकून ३१ मार्च १९८४ वर येतं. त्या दिवशी युरोपीय मंत्र्यांनी दुधाचा कोटा ठरवला.

मुळात घोळ आहे तो शब्दाचा. तेव्हाच्या जर्मन कायद्यात 'कोटा' म्हटलेलंच नव्हतं, तिथे 'हमी प्रमाण' होतं. आपल्याकडे 'हमी' म्हटलं की हमीभाव आठवतो, म्हणजे काहीतरी मिळणार. इथे उलट होतं. शेतकऱ्याला आलेल्या पत्रावर किलोमध्ये एक आकडा असायचा. त्याच्या आत दूध घाला, त्यापुढे घातलंत तर जबर दंड. वर घातलेल्या छपराला हमी म्हणणं हा अन्यायच होता, असं मला वाटतं.

आकडा काढायला जर्मनीने १९८३ हे वर्ष धरलं आणि त्यातून कपात केली. आता ज्याने त्याच वर्षी कर्ज काढून नवा गोठा बांधला, त्याचं काय? गोठा साठ गायींचा, दावणीला चाळीस, बाकी कालवडी अजून विणार होत्या. कागदावर चाळीस गायींचंच दूध. अशांसाठी अपवादाची तरतूद होती, पण आधी हेलपाटे आणि पुरावे. शिवाय कोटा जमिनीला बांधलेला. खंडाची मुदत संपली की जमिनीबरोबर कोटाही मालकाकडे जायचा आणि धारा काढणारा रिकाम्या हाताने बाहेर.

तरी कीश्लेंची अडचण खरी होती. लोण्याचे आणि दूधभुकटीचे साठे गोदामात मावत नव्हते. दुसरा मार्ग होता भाव पाडण्याचा. आल्गॉयच्या उतारांवर गवताशिवाय फारसं काही येत नाही, तिथला लहान शेतकरी त्यात आधी बुडाला असता. भाव सांभाळायचा तर दूध आवरावं लागणार, हे त्यांचं गणित होतं. १९८५ मध्ये धान्याच्या भावात जेमतेम १.८ टक्के कपात यायची होती. तीही त्यांनी युरोपीय मंत्र्यांच्या बैठकीत नकाराधिकार वापरून अडवली, आणि तोवर त्यांचाच देश नकाराधिकाराच्या विरोधात बोलत आला होता. मे १९९२ मध्ये मात्र भावकपात आणि हेक्टरी अनुदान त्यांना मान्य करावं लागलं. जानेवारी १९९३ मध्ये मंत्रिपद गेलं.

कोटा त्यांच्यानंतरही बरीच वर्षं टिकला. २००० पासून त्याची अधिकृत बाजारात खरेदी-विक्री सुरू झाली. त्याआधीच गायी विकून कोटा भाड्याने देणाऱ्यांना लोक 'सोफ्यावर बसून धार काढणारे' म्हणू लागले होते. २००८ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर भाव पडले, तेव्हा शेतकऱ्यांनी दूध शेतात ओतलं. ३१ मार्च २०१५ ला कोटा संपला आणि पुढच्याच वर्षी दुधाचा भाव किलोला २५ सेंटांच्या खाली गेला. कीश्ले २००३ मध्येच वारले होते.