कुसळी गवत आणि मलबारी उडता बेडूक

कुसळी गवत (हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) ही तृणकुलातील बहुवर्षायू वनस्पती, तर मलबारी उडता बेडूक (रॅकोफोरस मलबॅरिकस) हा झाडावर राहणारा उभयचर प्राणी आहे. पहिले दख्खनच्या माळरानांवर आणि उघड्या डोंगरउतारांवर वाढते, दुसरा सह्याद्रीच्या दमट जंगलात आढळतो. परंतु आपली संतती योग्य जागी पोहोचवण्याची दोघांचीही रीत ओलाव्यावर बेतलेली असल्यामुळे त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

या गवताचे वर्णन स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये केले. गवताच्या ‘कॉन्टॉर्टस’ या जातिनामाचा अर्थच ‘पिळवटलेले’ असा आहे. दाण्याला जोडलेले तपकिरी, लांब कुसळ कोरडे असताना दोरीसारखे पिळलेले असते, दव किंवा पाऊस लागला की त्याचा पीळ सुटू लागतो आणि उन्हाने वाळले की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्याने दाण्याचे सुईसारखे टोक मातीत घुसत जाते, आणि टोकावरचे मागे वळलेले ताठ केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. जमिनीत शिरलेला असा दाणा वणव्यातूनही वाचू शकतो. हीच रचना मेंढ्यांच्या लोकरीत, कातडीत आणि तोंडात रुतून त्यांना जखमा करते. म्हणून हे गवत कोवळे असतानाच चांगला चारा ठरते. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते’ ही म्हण ज्याने माळावरून चालताना पायांतली कुसळे वेचली आहेत त्याला अधिक नेमकी कळते.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डनने १८७० मध्ये वर्णिलेला मलबारी उडता बेडूक केवळ पश्चिम घाटात आढळतो. महाराष्ट्रात आंबोलीच्या जंगलात तो पावसाळ्यात दिसतो. पाठ हिरवी आणि बोटांमधले पडदे लालसर-केशरी असतात. हे पडदे ताणून तो सुमारे ९ ते १२ मीटर तरंगत जाऊ शकतो. पावसाळ्यात डबक्यावर झुकलेल्या फांदीवर मादी अंडी घालताना स्रवलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. फेसाचे बाहेरचे आवरण वाळते, आत मात्र ओल टिकते. अंड्यांतून निघालेले बेडूकमासे खालच्या पाण्यात पडतात.

गवताचा दाणा पडेल तिथे स्वतःच वाट काढतो, तर बेडकाच्या बाबतीत जागेची निवड मादी आधीच करून ठेवते. कुसळाला ओले होणे आणि वाळणे या दोन्हींची गरज असते. फेसाच्या घरट्याला लांबलेली उघडीप घातक ठरते, कारण फेस सुकला किंवा खालचे डबके आटले तर संपूर्ण वीण वाया जाऊ शकते.