ताप उतरला म्हणून बिनघोर राहू नका

तूर काढल्यावर रानात पायात धसकट घुसणं आपल्याकडं रोजचंच, हळद दाबायची, फडकं बांधायचं अन् परत कामाला लागायचं, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण शुगरवाल्या माणसाची तीच जखम दोन-तीन दिवसांत चिघळू शकते, मग थंडी-ताप येतो, गावातल्या डॉक्टरकडं एक इंजेक्शन अन् एक सलाईन होतं, घाम येऊन ताप उतरतो आणि घरचे म्हणतात आता बरंय, बाकीचं सकाळी बघू. मला या "सकाळी बघू"चीच लई भीती वाटते, कारण तापाच्या औषधानं ताप उतरतो, सेप्सिस थांबत नाही.

इन्फेक्शनशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती ताळतंत्र सोडते आणि आपल्याच अवयवांना इजा करायला लागते, तो सेप्सिस. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं, बीपी कोसळतो. ठिबकच्या नळीला जागोजागी भोकं पडली की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसं किडनीला अन् मेंदूला रक्त पुरत नाही. सुरुवात न्यूमोनियापासून होते, लघवीच्या इन्फेक्शनपासून, फुटलेल्या अपेंडिक्सपासून किंवा बाळंतपणानंतरच्या इन्फेक्शनपासूनही. २०१७ साली जगात अंदाजे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला अन् १ कोटी १० लाख गेले, म्हणजे त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागं साधारण एक.

घरी बघायचं काय, तर आधी श्वास. पेशंट निवांत पडलेला असताना मोबाईलमध्ये एक मिनिट लावा आणि छाती किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त असेल, माणूस बरळत असेल, ओळखीच्या माणसाला ओळखत नसेल, हातपाय गार पडलेत, दिवसभर लघवीच नाही, तर थर्मामीटर काहीही म्हणू दे, थांबायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना तर कधीकधी ताप येतच नाही, उलट अंग गार लागतं, आणि घरात "वय झालं, चळ लागलाय" म्हणून सोडून देतात. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलतोय तर ते वय नाही. तान्ह्या लेकराचं दूध तुटलं, ते मलूल पडलं किंवा गार लागलं तरी तसंच पळायचं.

१०८ ला फोन केला की नुसतं "ताप आहे" म्हणू नका, श्वास जोरात चाललाय, शुद्ध हरपतेय असं स्पष्ट सांगा. दवाखान्यात गेल्यावर "सेप्सिस असू शकतो का?" हे विचारायला अजिबात लाजायचं नाही, आधी दिलेल्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. सेप्टिक शॉकची, म्हणजे सेप्सिसनं बीपी धोकादायक कोसळल्याची, शंका असेल तर अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हायला हवं. त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू कुठला ते तपासायला, रक्त घेतात, कारण औषध गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं, पण कल्चरपायी औषध अडवून ठेवत नाहीत. बीपी पडला असेल तर पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागं ३० मिली सलाईन देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास पावणेदोन लिटर, गावातली एक बाटली त्यापुढं कमीच. हृदयाच्या अन् किडनीच्या पेशंटला मात्र जपून. तरी बीपी चढला नाही तर रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध, नॉरअ‍ॅड्रेनलिन लावतात. आणि पायात पू असेल तर तो काढावाच लागतो, कधी बोटही, त्याला घरच्यांनी दोन दिवस नाही म्हणत बसलं की सगळी औषधं वाया जातात.

संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं मेडिकल कॉलेज असो, वाडी-तांड्यावरून तिथं पोचायला तास न् तास जातात. म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस अन् सलाईन जवळच्या ग्रामीण रुग्णालयातच सुरू करून पुढं पाठवता येईल का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. यातनं वाचलेल्या माणसाला घरी आल्यावर कित्येक महिने थकवा राहतो, विसरायला होतं, झोप लागत नाही, तेव्हा त्याला लगेच रानात जुंपू नका आणि परत थंडी वाजली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.