कुरिअर वेगळं लावलं तरी हिशेब तोच? नाही

नाशिकच्या तांबट लेनमधली पितळी समई ऑनलाइन लिलावात लावणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं: कुरिअर २०० लावा नाहीतर शून्य, गिऱ्हाईक बेरीज करूनच बोली लावतं.

कागदावर बरोबर. १५०० ची तयारी असलेला माणूस १३०० ला थांबायला हवा. पण ईबे या लिलावाच्या वेबसाइटवर सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम विकून हे तपासलं गेलं. निष्कर्ष २००६ साली छापून आले. ४ डॉलरची सुरुवात आणि मोफत पाठवणी यापेक्षा १ सेंटची सुरुवात आणि ३.९९ पाठवणी यात एकूण रक्कम सरासरीने जास्त मिळाली. कमी आकड्याला बोली लावणारे जास्त जमतात आणि पाठवणीचा खर्च पुरता मोजत नाहीत.

म्हणून ६०० लावाल? तिथेच फसतं. सीडींच्या बाबतीत सुरुवातीची बोली आणि पाठवणी मिळून किमान रक्कम ८ डॉलर करून पाठवणीचा वाटा मोठा ठेवला, तेव्हा हा फायदा उरला नाही. शिवाय ईबे आता पाठवणीच्या रकमेवरही कमिशन कापतं.

आकडा अंदाजाने टाकू नका, आधी खोकं मोजा. समई २ किलोची, पण खोकं ४०×३०×२५ सेंमी असेल तर गुणाकार भागिले ५००० म्हणजे ६ किलो, आणि बरेच कुरिअरवाले त्याचेच पैसे घेतात. समईचे भाग सुटे करून आडवे भरा.